लोखंडाचा पाऊस, पेटत्या काडीचा वास

दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, म्हणजेच बाह्यग्रह, आजवर ६,००० हून जास्त सापडलेत. फोटो मात्र त्यातल्या मोजक्यांचेच! ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसणार कसा? म्हणून तो ताऱ्यासमोरून जायची वाट बघायची. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याचा जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतो. तेवढ्यावरून ग्रह केवढा, ते कळतं.

खरी गंमत ग्रहाच्या कडेला असते. ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो आणि प्रत्येक वायू त्यातले आपले ठरलेले रंग गिळतो. कुठले रंग गायब झाले ते बघितलं, की हवेत काय काय आहे ते उमगतं. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या ‘वास्प-३९बी’ या ग्रहावर असाच सल्फर डायऑक्साइड सापडला. काडेपेटीची काडी ओढली की नाकात झोंबतो, तोच हा वायू. ताऱ्याचा प्रकाश बाह्यग्रहाच्या हवेत नवी रसायनं घडवतो, याचा तो पहिला पुरावा.

‘वास्प-७६बी’ या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे. तिथे लोखंडाची वाफ होते आणि अंधाऱ्या बाजूला बहुधा त्याचाच पाऊस पडतो. छत्रीचा प्रश्नच मिटला!

आता ग्रहाच्या पोटात शिरू. त्यासाठी वजन हवं. ‘केप्लर-५१’ या ताऱ्याचे ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे ताऱ्यासमोर यायची त्यांची वेळ मागेपुढे होते. त्या घोळावरून वजन निघालं आणि सगळे चाट पडले. आकार शनीच्या आसपास, वजन पृथ्वीच्या फक्त काही पट. जत्रेतले म्हातारीचे केस म्हणा ना! ‘वास्प-१०३बी’ तर ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की त्याच्या ओढीने लांबुळकाच झालाय. किती लांबुळका, हे ‘किऑप्स’ दुर्बिणीच्या मदतीने मोजलं गेलं. त्यावरून आतल्या थरांचा अंदाज बांधता येतो.

ग्रहांचं बाळंतपण बघायचंय? सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरच्या ‘पीडीएस ७०’ या ताऱ्याभोवतीच्या धूळ-वायूच्या चकतीत दोन ग्रह अजून वाढताहेत. त्यांचे फोटो आहेत, आणि त्यातल्या एकाभोवती चंद्र घडवू शकेल अशी स्वतंत्र चकतीही दिसलीय.

आणि हो, एका ताऱ्याचं नाव ‘बिभा’ आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून भारताने ते २०१९ मध्ये सुचवलं. त्याच्या ग्रहाचं नाव ‘संतमस’. शनिवार-रविवारची सुटी संपेपर्यंत तिथलं वर्षही संपत आलेलं असतं.