वेगळा कप ठेवू नका

आमचे गाव जामखेड तालुक्यात आहे. आमच्या आळीत एक बाई राहतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशींना लहानपणापासून मिश्री लावायची सवय होती. एकदा त्यांच्या गालात आतून फोड आला. दोन महिने झाले तरी तो बरा होईना. मुलाने त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात नेले. डॉक्टर म्हणाले, "कर्करोग आहे. पण वेळेवर आलात."

ऑपरेशन झाले. मग किरणांचा उपचार झाला. त्याला आपल्याकडे 'लाइट देणे' म्हणतात. काही महिन्यांनी मावशी घरी आल्या. पहिल्या दिवशी सारी आळी भेटायला गेली. नंतर कोणी फिरकेना. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणे येईना.

एक दिवस मावशी आमच्या घरी आल्या. मी सुनेला हळूच म्हणालो, "त्यांना चहा वेगळ्या कपात दे." मावशींनी ते ऐकले. चहा तसाच ठेवून त्या उठून गेल्या. मी तीस वर्षे मुलांना शिकवले, पण मलाच हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारले, "हा रोग लागतो का?" त्यांनी नीट समजावून सांगितले. घर जसे विटांचे असते, तसे आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात. हे सारे मापात चालते. कधी काही पेशींचे माप सुटते आणि त्या वाढतच जातात. हाच कर्करोग. हा बिघाड त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरातला. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका कपात चहा प्याल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

त्याच संध्याकाळी मी आणि सौभाग्यवती मावशींकडे गेलो. मी चूक कबूल केली. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, सुरीचं दुखणं सोसलं. ह्या कपाचं सोसवेना."

मंडळी, उपचार संपला म्हणजे सारे संपले असे नाही. माणूस अशक्त झालेले असते. थोड्या कामाने दम लागतो. तो आळस नव्हे. केमोच्या औषधाने केस गळतात, पण बहुधा ते पुन्हा येतात. तोंडाला लाइट दिली असेल तर तोंड कोरडे पडते, तिखट सोसत नाही. मऊ खिचडी द्या, भाकरी दुधात कुस्करून द्या. जबडा आखडू नये म्हणून डॉक्टर व्यायाम सांगतात. तो रोज करवून घ्या. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बाईचा त्या बाजूचा हात सुजू शकतो. तिला त्या हाताने जड हंडा उचलू देऊ नका. केमो चालू असताना ताप आला, तर घरी वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या.

तंबाखू पुन्हा तोंडात जाऊ नये. त्यासाठी घरच्यांनीही ती सोडावी. घरात मिश्री भाजू नये.

सांगितलेल्या तारखेला तपासणीला गेलेच पाहिजे. रोग उलटला तर लवकर कळतो. पैशाची अडचण असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. एस. टी. आणि रेल्वेच्या भाड्यातही कर्करोग्यांना सवलत मिळते. त्यासाठी कोणता दाखला लागतो, ते हॉस्पिटलात विचारा.

गाडगे महाराज तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली ते वारले, पण त्यांच्या नावाने काम चालू राहिले. मुंबईत परळला १९४१ साली टाटा हॉस्पिटल सुरू झाले. तिथे दूरदूरच्या खेड्यांतून कर्करोगी येतात. त्यांतल्या अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. शेजारचा माणूसही त्याच दुखण्यातून जात असतो. त्यामुळे तिथे दुखणे लपवावे लागत नाही. पण तिथून माणूस आपल्या गावी परत येतो. तिथे त्याला आधार कोणी द्यायचा? तो आपणच द्यायचा.

आता मावशींबरोबर बार्शीला आळीतले कोणी ना कोणी पाळीपाळीने जाते. यंदा हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे त्यांना गेले. आमच्या घरी त्यांचा वेगळा कप नाही.

तुमच्या गावातही असे कोणी दवाखान्यातून परत आले असेल. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन या. चहा दिला तर नाही म्हणू नका.