नाव हरवलेले जहाज

मुरुड म्हटले की परगावच्या माणसाला समुद्र आणि जंजिरा आठवतो. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडला मात्र समुद्र नाही. पण सागवान आहे. जुना वाडा उतरवला जातो तेव्हा माळवदाच्या तुळया बाजूला रचल्या जातात. काजळी आणि धुळीखाली दडलेले लाकूड जाणता सुतार पटाशीने किंचित तासतो, वास घेतो आणि सांगतो, ‘हे सागवान आहे, याला अजून दोन पिढ्यांचे मरण नाही.’ अशाच पारखीवर एक अख्खे जहाज वाचले. ते मुंबईत बांधले गेले होते आणि आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल येथे उभे आहे.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडमधील ओक वृक्षांची जंगले विरळ झाली, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीकडे पाहिले. तेथे सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याच्या हाताखाली मलबारच्या सागवानाची जहाजे बांधली जात होती. 1812 मध्ये एका शिडाच्या युद्धनौकेची मागणी नोंदवली गेली. तिचे आराखडे ‘जावा’ नावाच्या नौकेतून निघाले; परंतु त्या वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला आणि आराखडे समुद्रात गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. (ज्या नौकेने ते आराखडे बुडवले, ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टनच्या बंदरात जतन केलेली आहे, इतिहासालाही कधी विनोद सुचतो.)

1816 मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे नौकेच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि काम सुरू झाले. 12 ऑक्टोबर 1817 रोजी नौका पाण्यात उतरली. खर्च सुमारे 23,000 पौंड. श्रीलंकेतील बंदरावरून तिचे नाव ठेवले गेले ‘त्रिंकोमाली’. इंग्लंडला जाताना ती सेंट हेलेना बेटावर थांबली. तेथे त्या वेळी नेपोलियन कैदेत होता. ज्याच्याशी लढण्यासाठी तिची मागणी झाली, त्याचे युद्ध ती बांधून होण्यापूर्वीच संपले होते. 1819 मध्ये पोर्टस्मथला पोचताच तिला राखीव ठेवले गेले आणि पंचवीसहून अधिक वर्षे ती तशीच पडून राहिली. पुढे अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत तिने दहा वर्षांच्या आत आपली सेवा उरकली आणि नंतर खलाशांच्या शिक्षणासाठी ती नांगरून ठेवण्यात आली. 1897 मध्ये ती भंगारात विकली गेली.

त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब नावाचा एक धनिक नौकाप्रेमी हळहळत होता. सेनापती नेल्सनची जुनी ‘फूद्रॉयां’ त्याने जर्मन भंगारवाल्यांच्या तावडीतून सोडवून आणली होती आणि जूनमधील वादळात ती ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली. तिच्या जागी घेण्यासाठी त्याला मोडीच्या वाटेवरील ‘त्रिंकोमाली’ दिसली. ती त्याने विकत घेतली, दुरुस्त केली आणि गमावलेल्या जहाजाची आठवण म्हणून तिला ‘फूद्रॉयां’ हेच नाव दिले. प्रेमापोटी केलेले हे काम. पण त्यात तिचे स्वतःचे नाव पुसले गेले. पुढची जवळजवळ नऊ दशके मुलामुलींच्या पिढ्या तिच्यावर राहून नौकानयन शिकल्या. आपण मुंबईच्या सागवानावर झोपतो आहोत, हे नाव वाचून कोणाला कळणार?

तिच्या शेजारी काही काळ ‘इम्प्लॅकेबल’ नावाची तिच्याहून जुनी नौका नांगरलेली असे. मूळची फ्रेंच असलेली ही नौका 1805 मध्ये इंग्रजांनी जिंकली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाच पेलवेना. 2 डिसेंबर 1949 रोजी दोन्ही देशांचे ध्वज फडकवत तिला समुद्रात नेले आणि सुरुंग लावून फोडले. तळ फुटूनही तिचा वरचा सांगाडा काही तास बुडेना. या दृश्याने अनेकांची मने अस्वस्थ झाली आणि जुनी जहाजे वाचवण्याच्या चळवळीला त्यातूनच बळ मिळाले.

‘फूद्रॉयां’चे शिक्षणकार्य 1986 मध्ये थांबले. पुढच्या वर्षी तिला मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला नेले. ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका नुकतीच तेथेच सज्ज झाली होती. त्यामुळे या कामाचे जाणते कारागीर गावात होते. जहाजबांधणीचे जुने वैभव ओसरलेल्या त्या गावाला हातांना काम हवे होते आणि जहाजाला हात.

येथे पुन्हा पारख आली. ओकमधील आम्ल लोखंडी खिळे खाते. सागवानातील तेल त्यांना जपते. तळावर ठोकलेले तांब्याचे पत्रे लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांना दूर ठेवतात. फळ्यांच्या सांध्यांत पिंजलेला दोर ठासून वर डांबर ओततात. कारागिरांनी एकेक फळी ठोकून पाहिली. जेथे आवाज पोकळ, तेथेच नवे लाकूड. एकूण खर्च सुमारे 1 कोटी 5 लाख पौंड झाला, काम 2001 मध्ये पूर्ण झाले, आणि निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच राहिले. गोदीत राबलेल्या हिंदी सुतारांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत; त्यांचे सांधे मात्र टिकले.

आपल्याकडचा हिशेब इतका सुखद नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. जहाज मात्र 1923 मध्येच मोडीत निघाले. ‘विक्रांत’ विमानवाहू नौका काही वर्षे मुंबईत संग्रहालय होती, तीही 2014 मध्ये भंगारात गेली.

हार्टलपूलमध्ये ‘त्रिंकोमाली’ आजही पाण्यावर तरंगते आहे. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ कोरड्या गोदीत असल्याने, युरोपात अद्याप तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून तिचाच उल्लेख होतो. दुरुस्तीचे काम अर्ध्यावर असतानाच, 1992 मध्ये, तिला तिचे मूळ नाव परत देण्यात आले.