दीड लाख किलोमीटर चाललेली डिझेल मोटार: मीटरवरचा आकडा वाचायचा कसा?

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात दीड लाख किलोमीटरचा आकडा हा एक मानसिक उंबरठा ठरला आहे. मीटर त्याच्या पुढे गेले की गाडीची किंमत झपाट्याने उतरते, आणि ती उतरलेली किंमत पाहूनच अनेक खरेदीदार तिच्याकडे वळतात. परंतु हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. नाशिकहून मुंबईला दर आठवड्याला एकदा जाऊन येणाऱ्या मोटारीचे एका फेरीत सुमारे 330 किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला 17 हजारांहून अधिक आणि दहा वर्षांत 1 लाख 70 हजारांच्या पुढे. आणि हा सगळा प्रवास बहुतांशी महामार्गावर, वरच्या गियरमध्ये, तापलेल्या इंजिनावर झालेला असतो. याउलट गंगापूर रोडवरून सातपूर औद्योगिक वसाहतीपर्यंत रोज जाऊन येणारी त्याच वयाची मोटार 60 हजार किलोमीटरच चाललेली असते, मात्र तिच्या वाट्याला रोजच्या थंड इंजिनाच्या सुरुवाती, सिग्नलवरचे थांबे आणि क्लचचा सततचा वापर आलेला असतो. डिझेल इंजिनापुरते बोलायचे तर यांपैकी पहिली मोटार अनेकदा अधिक निरोगी निघते, आणि बाजार नेमका तिलाच स्वस्त ठरवतो.

यामागचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते, तर डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी इंजिनाचा ठोकळा, पिस्टन आणि क्रँक हे भाग मुळातच दणकट घडवलेले असतात. त्यामुळे वेळेवर ऑइल बदललेले चांगले डिझेल इंजिन दीड लाखावर थकलेले नसते. थकतात ती त्याच्याभोवतीची उपकरणे. ‘कॉमन रेल’ पद्धतीत, म्हणजे एकाच सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली इंधन साठवून ते इंजेक्टरांमार्फत फवारण्याच्या पद्धतीत, दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो आणि इंधनातला थोडासा कचरा किंवा पाणीही इंजेक्टर व पंप निकामी करू शकते. एक्झॉस्ट वायूच्या जोरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बो इंजिनाच्याच ऑइलवर जगतो. कसारा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करण्याची चालकाची सवय त्याच्या बेअरिंगमधले ऑइल जाळून टाकते. म्हणजे महामार्गावरचे सगळेच किलोमीटर सारखे सौम्य नसतात, आणि मागच्या मालकाचा हात कसा होता हा प्रश्न मीटरपेक्षा मोलाचा ठरतो.

नाशिक जिल्ह्याला या बाबतीत एक फायदा आहे. 2002 मध्ये बाजारात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यात घडली आणि बोलेरोशीही या शहराचे नाते जुने आहे. त्यामुळे या गाड्यांचे सुटे भाग आणि त्यांची नस ओळखणारे मेकॅनिक येथे सहज सापडतात. मात्र 2007 पासून येथेच तयार झालेल्या लोगनचे (पुढे तिचेच नाव व्हेरिटो झाले) उदाहरण वेगळे आहे. तिचे रेनॉचे 1.5 लिटरचे डिझेल इंजिन, जे डस्टरमध्येही आले, काटकसरी आणि टिकाऊ म्हणून ओळखले जाते. पण त्यातील व्हॉल्व्ह आणि क्रँक यांची लय जुळवणारा टायमिंग बेल्ट रबरी असतो, आणि तो धावताना तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन उघडावे लागते. स्विफ्टपासून पुंटोपर्यंत अनेक गाड्यांत बसलेल्या फियाटच्या 1.3 लिटर इंजिनात त्याऐवजी साखळी आहे. बेल्ट असलेल्या गाडीत तो केव्हा बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करणे शहाणपणाचे आहे. द्राक्षपट्ट्यातून, म्हणजे निफाड-दिंडोरीकडून, येणाऱ्या गाड्यांबाबत आणखी एक तपासणी लागते, ती एअर फिल्टरची. मळ्याच्या वाटेवरची बारीक धूळ फाटक्या फिल्टरमधून आत गेली की सिलिंडर घासला जातो, आणि ही झीज मीटरवर कधीच दिसत नाही.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. विक्रेत्याने ग्राहक येण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जाणे बरे. निफाडच्या हिवाळ्यात ही परीक्षा फुकटात मिळते, कारण इंधन पेटण्यापूर्वी कोठडी तापवणारे ग्लो प्लग अशक्त असतील तर गाडी बराच वेळ कण्हत राहते. सुरू झाल्यावर क्षणभर दिसणारा धूर दुर्लक्षण्याजोगा असतो, पण सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि जोर देताना निघणारा दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा मार्ग यांपैकी कुठेतरी बिघाड आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडले की थोडी वाफ बहुतेक डिझेल गाड्यांत दिसते. मात्र धक्क्याधक्क्याने धूर उसळत असेल, ज्याला गॅरेजवाले ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि अशा गाडीपुढे सौदा थांबवावा. मीटर मागे फिरवलेले आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रातील जुन्या नोंदींवरून कळते. पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग त्याला दुजोरा देतात.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांनंतरच्या डिझेल मोटारी अधिक स्वच्छ असल्या तरी वापरलेल्या बाजारात त्या सरसकट अधिक सुरक्षित नाहीत. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी तिला अधूनमधून सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग धावल्यानेच नीट साधते. द्वारका चौकाच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, शिवाय ऑइलमधून येणारी राख कधीच जळत नसल्याने लाखभर किलोमीटरनंतर गाळणी साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च समोर उभा राहू शकतो.

आता खरेदीदाराच्या स्वतःच्या किलोमीटरांचा हिशेब. पेट्रोल 104 रुपये व डिझेल 91 रुपये लिटर धरले, आणि पेट्रोल गाडी 15 तर डिझेल गाडी 20 किलोमीटर देते असे मानले, तर डिझेलमागे किलोमीटरला सुमारे 2 रुपये 40 पैसे वाचतात. वर्षाला 20 हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे त्यातून 47 हजारांहून अधिक सुटतात आणि एखादी मोठी दुरुस्तीही निघून जाते. वर्षाला जेमतेम 6 हजार फिरणाऱ्याला मात्र 14 हजारच हाती लागतात, जे इंजेक्टरांच्या एका दुरुस्तीत संपू शकतात. अशा कुटुंबाने स्वस्तातली डिझेल गाडी घेऊ नये, ती कितीही चकचकीत असली तरी.

कागदपत्रांत पाहण्याची गोष्ट म्हणजे गाडीचे वय. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर आलेले निर्बंध महाराष्ट्रात लागू नाहीत, परंतु त्या निर्बंधांमुळे स्वस्त झालेली दिल्लीची गाडी येथे आणायची तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला मोटार वाहन कर हे दोन्ही सोपस्कार अंगावर पडतात. कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि ई-चलान थकले आहेत का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात दाखल होऊन नवे नाव नोंदले जाईपर्यंत पूर्ण रक्कम देण्याची घाई करू नये, आणि विकणाऱ्यालाही यात तितकाच स्वार्थ आहे, कारण अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदीवर नाव असलेल्या मालकाकडेच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.