सातबारा आणि प्रोटॉन

बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी कर्जाचा सल्ला विचारायला माणसे अजून घरी येतात. गेल्या पावसाळ्यात कागलकडचे एक जुने खातेदार आले. पिशवीतून सातबारा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"सायेब, यावर किती मिळंल? थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर लाईट द्यायची म्हणत्यात. पण पोरगं म्हणतंय, प्रोटॉनची नवी मशीन आलीया, तीच द्यायची."

दीड एकर उसाची जमीन! कर्जाआधी कारण तपासायचे, ही माझी जुनी सवय. म्हणून आधी प्रोटॉनच समजून घेतला.

नेहमीच्या 'लाईट'मध्ये क्ष-किरण असतात. गाठीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या निरोगी भागालाही थोडा थोडा मार देत ते आरपार जातात. प्रोटॉन हा अणूच्या केंद्रातला कण. प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने सोडलेला हा कण वाटेत थोडी शक्ती खर्चतो, ठरलेल्या खोलीवर उरलेली बहुतेक रिकामी करतो आणि तिथेच थांबतो. एक एसटी थांब्याथांब्यावर उतारू सोडत पुढे जाते. दुसरी बहुतेकांना शेवटच्या थांब्यावरच उतरवते, तसेच हे.

ही कल्पना रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली मांडली. १९५४ मध्ये बर्कलेला पहिले उपचार झाले. भारतात ही सोय यायला मात्र २०१९ उजाडले; चेन्नईला अपोलोचे केंद्र निघाले. २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातही उपचार सुरू झाले. आता रात्री निघालेला कोल्हापूरकर सकाळी तिथे पोहोचतो.

पण पोहोचणे आणि गरज असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. प्रोटॉनचा खरा लाभ लहान मुलांना. त्यांचा मेंदू, मणका, हाडे वाढत असतात आणि पुढे सारे आयुष्य असते. कवटीच्या तळाशी किंवा मणक्यालगत असलेल्या काही गाठींतही त्याचा उपयोग होतो. प्रोस्टेटचे काय? सुरुवातीच्या अवस्थेतल्या ४५० रुग्णांवर अमेरिकेत दोन्ही उपचारांची तुलना झाली. २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला : आजार आटोक्यात राहणे असो की आतड्यांचा त्रास, दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.

मी त्यांना एका कागदावर प्रश्न लिहून दिला : 'आमच्या रुग्णाच्या या गाठीसाठी प्रोटॉनने नेमका काय फरक पडेल?' डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहून सांगितले, "तुम्हाला साधी लाईट पुरेशी आहे." उपचार कोल्हापुरातच झाले.

दिवाळीत ते भावाला घेऊन फराळाला आले. निघताना म्हणाले, "सायेब, मग ती मशीन कुणासाठी हो?"

"मुख्यतः पोरांसाठी."

"मग बरं झालं. आपण उगा रांगंत उभारलो न्हाई."

सातबारा त्यांच्या ट्रंकेत आहे. कोरा.