गर्दच्या विळख्यातून बाहेर
१९८०च्या दशकात पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत गर्द, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, पसरले. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या येरवड्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. व्यसनाकडे गुन्हा म्हणून नव्हे, आजार म्हणून पाहणारी ही जागा महाराष्ट्राला फार मोठी देणगी ठरली.

गर्दसारखे अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील श्वासाचे नियंत्रण मंदावतात. अतिमात्रेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात, हाका मारूनही माणूस जागा होत नाही. अशा वेळी १०८ला फोन करावा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे. नॅलोक्सोन हे औषध काही मिनिटांत श्वास परत आणते. पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालय गाठायचेच.

सर्वांत धोक्याचा काळ मात्र उपचारानंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते. तेव्हा पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. घरच्यांना हे आधीच सांगायला हवे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घेतल्याने हा धोका बराच घटतो. त्याला 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणे अन्यायाचे आहे.

संकट फक्त गर्दचे नाही. नशेसाठीही वापरली जाणारी ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आहे.

नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या तालुक्यातून उपचारासाठी पुणे दूर, नागपूर जवळ. पण तिथे जाण्याआधीचा पहिला सल्ला १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर घरबसल्या मिळतो.