घरच्या घरी टाय-डाय

टाय-डायमध्ये कापडाचा काही भाग घट्ट बांधतात आणि मग ते रंगवतात. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही आणि तिथेच नक्षी उमटते. कच्छ-जामनगरची बांधणी, राजस्थानची लहरिया, जपानची शिबोरी, नायजेरियातल्या योरुबा लोकांची निळीतली आदिरे हे सगळे याच युक्तीचे प्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या काही वस्त्रांवरची ठिपक्यांची नक्षी बांधणीची असावी, असे अभ्यासक मानतात. चक्राकार नक्षीचा भडक टी-शर्ट मात्र अलीकडचा. तो 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पी तरुणांमुळे फॅशनमध्ये आला.

बांधणीचा कारागीर कापडाची चिमूट नखाने उचलतो आणि तिच्या बुडाशी दोऱ्याचे वेढे घट्ट आवळतो. त्यासाठी काही जण करंगळीचे नख मुद्दाम वाढवतात. एका साडीवर अशा हजारो गाठी पडतात. रंग फिकटाकडून गडदाकडे चढत जातात. आधी पांढऱ्यावर गाठी, मग पिवळा; पुन्हा गाठी, मग लाल. शेवटी दोरे सुटले की लाल साडीवर पांढरे आणि पिवळे ठिपके दिसतात. घरी एवढा बारीक घाट कोणी घालत नाही, पण फिकटाकडून गडदाकडे हा क्रम तिथेही उपयोगी पडतो.

घरी बांधायला सुतळी, रबरबँड, जुना दोरा काहीही चालते. कापडात हरभरे ठेवून बुडाशी दोरा आवळला की गोल कडी उमटतात. ओढणीच्या तिरक्या चुण्या घालून जागोजागी बांधले की लहरियासारखे पट्टे येतात. चक्रासाठी टी-शर्टचा मध्य चिमटीत धरून पिळायचा आणि त्या चपट्या गोळ्यावर तीन-चार रबरबँड आडवेतिडवे चढवायचे. गाठ सैल राहिली तर रंग आत झिरपतो आणि नक्षी फिसकटते.

थोडक्यात, बांधायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पैसे वाचवायचे ते इथे. कापड आणि रंग यांत वाचवू नयेत. कापड शंभर टक्के सुती हवे. पॉलिएस्टरला सुताचे रंग धरत नाहीत, त्यामुळे मिश्र कापड फिकट निघते. सुती टी-शर्ट झकास रंगतो आणि त्याची शिलाई तेवढी पांढरी राहते, कारण शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. कोऱ्या कापडाची खळ गरम पाण्यात साबणाने काढून टाकावी. जुना पांढरा कुर्ता किंवा चादर त्याहून बरी: खळ केव्हाच गेलेली असते आणि वेगळा खर्चही नाही.

खाण्याचे रंग सुतावर टिकत नाहीत. हळद सुंदर चढते, पण उन्हात विटते. पक्क्या रंगासाठी थंड पाण्यात चढणारे रिॲक्टिव्ह रंग घ्यावेत. असे रंग 1956 मध्ये बाजारात आले. धुण्याच्या सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले की ते सुताच्या तंतूशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुतल्यावर निघत नाहीत. लिटरभर पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम सोडा विरघळवून कापड पंधरा-वीस मिनिटे भिजवावे आणि पिळून बांधावे. सोडा स्फटिकरूप असेल तर वजनाने अडीचपट लागतो, कारण त्यात पाणीच जास्त असते. खाण्याचा सोडा इथे पुरेसा ठरत नाही.

पेलाभर पाण्यात एक-दोन चहाचे चमचे रंग विरघळवून तो सॉसच्या रिकाम्या बाटलीतून बांधलेल्या कापडावर सोडावा. लाल, पिवळा, निळा एवढे तीनच रंग घेतले तरी बाकीचे जुळवता येतात. पिवळ्याशेजारी निळा आला तर मध्ये हिरवा मिळतो. जांभळा आला तर मातकट डाग. कोरडी भुकटी नाकात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून रंग कालवताना मास्क आणि हातमोजे घालावेत. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत.

रंगवलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ऊबदार जागी ठेवावे. वाळले तर रंग नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी गाठी न सोडता गार पाण्याखाली धरावे, मग सोडून गरम पाण्यात साबणाने धुवावे. निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे लागते. पहिल्या दोन-तीन धुण्यांना हे कपडे वेगळेच भिजवावेत. पाण्यात कालवलेला रंग थोड्याच दिवसांत निकामी होतो. कोरडी भुकटी मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत बराच काळ टिकते, म्हणून लागेल तेवढाच रंग कालवावा.