माळवदावर माती कोणी टाकायची?

संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत जुनी जागा बघायला गेलं की चौरस फुटांची भाषा फारशी उपयोगी पडत नाही. "समोर दोन खण, आत एक खण स्वयंपाकाला," असं उत्तर येतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर त्यावरच मोजायचं. इथे घर 'भाड्याने' घेण्यापेक्षा 'किरायाने' घेण्याचीच बोली जास्त. राहणारा तो किरायदार. दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, ढाळज ओलांडायची, की मध्ये चौक आणि चारही बाजूंना बिऱ्हाडं. मे महिन्यात रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं असताना आतल्या खोलीत पंखा मंद केला तरी चालतं. दोन-अडीच फुटी मातीच्या भिंतींचा हा गुण बघणाऱ्याला लगेच मोहात पाडतो. पण घर घेण्याआधी मान वर करून मातीच्या छताकडे, म्हणजे माळवदाकडे, बघावं आणि एकच प्रश्न विचारावा: माळवदावर माती कोण टाकतं?

तो प्रश्न कुठून आला हे कळायला शहर थोडं मागून बघावं लागेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला आणि डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत गावाचं नाव बदललं, १६८२ मध्ये तटबंदी झाली. मोगल फौजेतल्या राजपूत सरदारांच्या छावण्यांच्या खुणा जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा या नावांत आजही आहेत. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला हलवली. मोठ्या वास्तू उरल्या, त्या भरून टाकणारा लवाजमा गेला. काहींना नवं काम मिळालं. मलिक अंबरने बांधलेल्या नौखंडा महालाच्या आवारात आज महाविद्यालय आहे. बाकी वाडे-हवेल्यांचं नशीब वेगळं. वाटण्या होत गेल्या, खोल्या सुट्या झाल्या.

मग किरायदारांची लाट आली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं, पुढे ते मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. बीड, परभणी, नांदेडहून आलेली पोरं 'खोली करून' राहू लागली, बदलीवर आलेले कारकून आणि मास्तर बिऱ्हाडं मांडू लागले. सत्तरच्या दशकात सिडको आली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि शहर तटाबाहेर पसरलं. ज्यांना परवडलं ते मालकही स्लॅबच्या घरात गेले. वाड्यात मागे राहिले ते बहुतेक जुने किरायदार.

आता माळवद. पांढऱ्या मातीच्या किंवा पातळ विटांच्या भिंती, त्यावर सागवानी तुळया, तुळयांवर आडवी लाकडं दाटीने बसवलेली आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. छताला माती लागते ती पांढरीच, कारण ती काळीसारखी फुगून भेगाळत नाही. उन्हाळ्यात या माळवदावर अंथरुणं पडतात, पापड-कुरडया वाळतात. पण हे छत एकदा बांधून विसरायचं नाही. मृग लागण्याआधी वर उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, पन्हळी मोकळ्या करायच्या, उंदरांची बिळं बुजवायची, माती टाकून चोपायची आणि ढाळ पन्हळीकडे आहे ना ते बघायचं. नुसती माती चढवत राहिलं तर तेही घातक. वर्षानुवर्षांचा भार तुळईला वाकवतो, म्हणून अधूनमधून जुना थर खरवडून काढावा लागतो. घरात माणसं असताना हे काम दोन दिवसांचं. चार-पाच पावसाळे ते चुकलं, की पाणी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत पोचतं. लाकूड तिथेच आधी कुजतं आणि नेमकं तेच टोक दिसत नाही.

मालक वाड्यात राहत होता तोवर माती कोणी टाकायची हा प्रश्नच नव्हता. तो गेला आणि प्रश्न कायद्याच्या दारात आला.

मराठवाड्याचा भाडेकायदा मुंबई-पुण्यापेक्षा निराळा होता. तिकडे १९४७ चा मुंबई कायदा, ज्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. इकडे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा. वाद रेंट कंट्रोलरपुढे चालत. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यच नकाशावरून पुसलं गेलं. आंध्रने १९६० मध्ये आणि म्हैसूरने १९६१ मध्ये आपापले नवे कायदे केले. मराठवाड्यात मात्र विलीन झालेल्या त्या राज्याचं नाव मिरवणारा कायदा ३१ मार्च २००० पर्यंत चालला. भाडी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्याबद्दल १९९७ च्या डिसेंबरात म्हटलं होतं. त्यानंतर संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि दावे दिवाणी न्यायालयात गेले.

या कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर आहे. त्याने टाळाटाळ केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन किरायदाराने काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. मर्यादा एवढीच, की वर्षभरात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. आता पेन्सिल घेऊन बसू. समजा १ ऑक्टोबर १९८७ रोजी एका बिऱ्हाडाचं भाडं शंभर रुपये होतं. कायद्याने त्यात पाच टक्के वाढवून प्रमाण भाडं धरलं, म्हणजे १०५. पुढे, कायदा लागू झाल्यापासून, वर्षाला चार टक्के वाढ, तीही चक्रवाढीने धरली तर पंचवीस वर्षांनी होतात सुमारे २८० रुपये. वर्षाचे ३,३६०. त्याचा चौथा हिस्सा ८४० रुपये. एवढ्यात हल्ली दोन मजुरांची दिवसभराची मजुरीही भागत नाही. माती, ती आणणारा टेम्पो आणि तुळई दूरच. मालकाचं म्हणणं, २८० रुपयांत मी छत कसं सांभाळू? किरायदाराचं म्हणणं, छत तुमचं, मी का सांभाळू? दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, आणि पाऊस दोघांचंही ऐकत नाही.

मुंबई शहरात, म्हणजे बेटाच्या हद्दीत, या कोंडीवर १९६९ मध्ये एक तोड निघाली. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि दुरुस्ती मंडळाने कामं करायची. ते मंडळ आज म्हाडाचा भाग आहे. त्याचा कारभार आदर्श आहे असं कोणी म्हणणार नाही, पण निदान तक्रार घेऊन जायला एक दार आहे. संभाजीनगरच्या वाड्यांना ते नाही. इथे महापालिका येते ती शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर, 'धोकादायक इमारत' अशी नोटीस घेऊन. त्या नोटिशीची वाट बघणारेही असतात, कारण पाडलेल्या वाड्याची मोकळी जागा उभ्या वाड्यापेक्षा महाग. किरायदाराच्या बाजूने एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी: इमारत पालिकेने पाडली एवढ्यावरून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आज नव्याने वाड्यात राहायला जाणाऱ्याचा व्यवहार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रापुरती चुकीची आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. जागा बघताना तुळईची टोकं टोकरून बघावी, वाळवीच्या मातीच्या रेघा शोधाव्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर सावध राहावं. आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतल्या आत भुसभुशीत होते. नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि चौकातला आड जिवंत आहे का, हेही विचारावं.

आणि करार करताना आणखी एक गोष्ट. छापील मसुद्यात रंगाचं कलम असतं, वीजबिलाचं असतं, खिळे ठोकण्याचंही असतं. माळवदाचं नसतं. ते हाताने लिहून घ्यावं: माती कोणाच्या खर्चाने येईल, चोपायला कोण चढेल आणि हे काम मेच्या कुठल्या आठवड्यात होईल. शंभर-दीडशे वर्षं हे वाडे उभे राहिले ते कुणीतरी दर उन्हाळ्यात घमेलं घेऊन जिना चढलं म्हणून. ते कोणाचं काम, हे तेव्हा लिहून ठेवावं लागत नव्हतं. आता लागतं.